थार, रॉक्स, जिम्नी का गुरखा? आधी पाणंद मोजा, मग शोरूमला जावा

गेल्या उन्हाळ्यापासनं दाजींचा एकच प्रश्न, महिंद्राची थार घेऊ का मारुतीची जिम्नी. दाजी म्हणजे आमच्या ताईचे मिस्टर, राहायला साताऱ्यात यादोगोपाळ पेठेत, शेत मेढ्याच्या पलीकडं डोंगराच्या अंगाला. युट्युबवर शंभर व्हिडिओ बघून झालेले, प्रत्येक गाडीचा पीएस आणि टॉर्क तोंडपाठ, पण निर्णय काय होईना. मी म्हणलं, "दाजी, तुमच्या शेताकडची पाणंद किती रुंद आहे?" तर म्हणले, "आवं मला गाडी घ्यायचीय, सात-बारा काढायचा नाय."

पण खरं सांगतो, तिथंच सगळं अडतं. आपण गाडी निवडताना गाडीकडं बघतो, रस्त्याकडं बघतच नाय. माझा हिशोब साधा आहे: आपल्या नेहमीच्या फिरण्यातले सगळ्यात वाईट दोनशे मीटर आणि मागच्या सीटवर बसणारं सगळ्यात म्हातारं माणूस, या दोघांनी गाडी ठरवायची. बाकी टचस्क्रीन, सनरूफ, आवाज, रंग हे सगळं नंतर. दाजींबरोबर मी जे जे केलं तेच खाली क्रमानं लिहितोय, साताऱ्याच्या रस्त्यांच्या हिशोबानं, तुम्ही तुमच्या गावाचे रस्ते त्यात घाला.

पहिली पायरी: महिनाभर वही

गाडीच्या डॅशबोर्डात एक दहा रुपयाची वही ठेवा आणि महिनाभर प्रत्येक फेरी लिहा. कुठनं कुठं, किती माणसं, काय सामान, रस्ता कसा आणि आत्ता आहे त्या गाडीनं कुठं अडलं का. कंटाळवाणं आहे पण याच्याशिवाय पुढं जाऊ नका. दाजींच्या वहीत तीस दिवसांपैकी सव्वीस दिवस सातारा गाव, पोवई नाका, पोरांची शाळा, नाहीतर हायवेनं पुणं-कराड. शेतावर चार वेळा. त्यातल्या दोन वेळा खरंच गाडी खाली लावून अर्धा किलोमीटर चालत जावं लागलं.

ही वही बघून दोन गोष्टी होतात. एक तर बऱ्याच लोकांना कळतं की आपल्याला फोर बाय फोरची, म्हणजे चारी चाकांना जोर देणाऱ्या गाडीची, गरजच नाय, नुसती उंच आणि दणकट गाडी पायजे. तसं असेल तर खुशाल बोलेरो नाहीतर रिअर-व्हील (फक्त मागच्या दोन चाकांना जोर असणारी) थार घ्या, लाखो रुपये वाचतील. आमच्याकडं वडापवाले (भाड्यानं माणसं नेणारे) ट्रॅक्समधी चौदा माणसं आणि वर टपावर कोंबड्याच्या खुराड्यासकट टू-व्हील ड्राईव्हवरच असल्या रस्त्यानं जातात की जिथं नवीन थारवाला उतरून व्हिडिओ काढत बसतो. दुसरं म्हणजे ज्याला खरंच गरज आहे त्याला नेमकी जागा कळते, आणि पुढची पायरी त्या जागेवरच करायची.

दुसरी पायरी: माणसं मोजा

ही पायरी लोकं शेवटी करतात, मी म्हणतो दुसरीच करा, कारण अर्धी यादी हितंच गळते.

दाजींच्या घरात पाच माणसं. दाजी, ताई, दोन पोरं आणि दाजींची आई, ज्यांना गुडघ्याचा त्रास आहे. आता तीन दाराची थार चार सीटर. जिम्नी, पाच दारं असली तरी, भारतात चार सीटरच. म्हणजे दाजी ज्या दोन गाड्यांत चार महिने अडकले होते त्या दोन्ही पहिल्या फटक्यात बाद! हे मी सांगितलं तर पाच मिनिटं गप्पच बसले. मग राहिलं काय, तर थार रॉक्स, म्हणजे पाच दाराची थार, जी पाच सीटर आहे आणि फोर्सची पाच दाराची गुरखा जी सात सीटर आहे. तीन दाराची गुरखा पण चारच माणसांची.

सीट मोजून झाल्यावर म्हातारं माणूस प्रत्यक्ष चढवून बघा, शोरूममधी, सगळ्यांसमोर, लाजायचं नाय. तीन दाराच्या थारला पुढची सीट मोडून मागं जावं लागतं, पोरांना मजा वाटते, आजीला नाय. रॉक्सला मागचं दार आहे पण गाडी उंच आहे, म्हणून पायरी लावल्याशिवाय आमच्या आज्जींना जमलं नाय. गुरखा अजून उंच. जिम्नीत चढणं या सगळ्यांत सोपं. आणि चढणं बघितलं तसं उतरणं पण बघा, गुडघे दुखणाऱ्याला उतरताना जास्त त्रास होतो.

सामानाचं पण हितंच उरका. जिम्नीची डिकी मागची सीट उभी असताना २०८ लिटर, म्हणजे चार माणसं आणि दोन बॅगा, बास. तीन दाराच्या थारमधी मागं माणसं बसली तर फवारणीचा पंप पण नीट मावत नाय. दोघंच असाल, नाहीतर एकटा गडी असेल, तर मागची सीट पाडून दोन्ही गाड्या झकास.

तिसरी पायरी: पाणंद मोजा

एक मोजपट्टी, दोन काठ्या, सुतळी. पाऊस पडून गेल्यावर आठवड्याभरानं जायचं, कोरड्यात नाय.

पहिलं, सगळ्यात अरुंद जागा मोजा. जिम्नीची रुंदी १६४५ मिलिमीटर, रॉक्सची १८७०. फरक २२५ मिलिमीटर, म्हणजे साधारण एक वीत. ऐकायला कमी वाटतं पण दोन्ही बाजूला दगडी बांध असला किंवा एका बाजूला दरी आणि समोरनं दुधाची गाडी आली तर ती एक वीत म्हणजे सगळं काही. बामणोलीकडं, तापोळ्याकडं आतल्या वाड्या-वस्त्यांच्या रस्त्यांवर जिम्नीवाला जातो आणि रॉक्सवाला आरसे मिटतो. दाजींच्या पाणंदीत सगळ्यात अरुंद जागा सव्वादोन मीटर भरली, म्हणजे रॉक्स जाते पण ड्रायव्हर जागा पायजे.

दुसरं, मधला उंचवटा. उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी दोन्ही बाजूला चाकोऱ्या पाडलेल्या असतात आणि मधी मातीचा वरंबा उभा राहतो. तो किती उंच आहे ते मोजा. जिम्नीचा ग्राउंड क्लिअरन्स (जमीन आणि गाडीच्या पोटातली मोकळी जागा) २१० मिलिमीटर, तीन दाराच्या थारचा २२६, गुरखाचा २३३. पण एक लक्षात ठेवा, हा आकडा गाडीच्या सगळ्यात खालच्या जागेचा असतो आणि मागं जिथं सरळ दांड्याचा ॲक्सल असतो तिथं डिफरन्शियलचा (दोन चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरचा) गोळा सगळ्यात खाली लटकतो, तोच वरंब्याला आधी घासतो. जिम्नीला तर पुढं पण तसाच ॲक्सल आहे. आणि जिम्नीची चाकं जवळजवळ असल्यामुळं ट्रॅक्टरच्या चाकोरीत दोन्ही चाकं बसतीलच असं नाय, एक चाक चाकोरीत एक वरंब्यावर असं झालं की गाडी तिरकी चालते. घाबरायचं कारण नाय पण शेजारी बसलेली आई ओरडते.

तिसरं, सुतळीची आयडिया. दोन काठ्यांना जमिनीपासनं वीस सेंटिमीटरवर सुतळी बांधा आणि दोन काठ्यांमधी गाडीच्या व्हीलबेसएवढं, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या अंतराएवढं, अंतर ठेवा. थारचा व्हीलबेस २४५० मिलिमीटर, जिम्नीचा २५९०, पाच दाराच्या गुरखाचा २८२५, रॉक्सचा २८५०. आता एक माणूस एका काठीला, दुसरा दुसऱ्या काठीला, सुतळी ताणून धरायची आणि जिथं जिथं टेकाड आहे, बांध ओलांडायचा आहे, तिथनं काठ्या पुढं न्यायच्या. सुतळीला माती लागली की समजा गाडीचं पोट टेकणार. कंपनीच्या कागदावर याला रॅम्प अँगल म्हणतात, रॉक्सचा २३.९ अंश, पाच दाराच्या जिम्नीचा २४, गुरखाचा २८. तुम्हाला अंश नाय कळले तरी सुतळी कळते. आम्ही दोघं सुतळी धरून चाललेलो बघून शेजारचे आप्पा विचारायला आले, "वाटण्या चालल्यात काय?"

समोरचा आणि मागचा कोन पण असतो, म्हणजे चढ सुरू होताना बंपर लागतो का आणि उतरून झाल्यावर मागचा लागतो का. रॉक्सचे ४१.७ आणि ३६.१, गुरखाचे ३९ आणि ३७, जिम्नीचा पुढचा ३६. आपल्याकडच्या शेतरस्त्यांना एवढं लागत नाय, ओढ्यात उतरायच्या जागा सोडल्या तर. म्हणून माझ्या मते आपल्याकडं पुढच्या-मागच्या कोनापेक्षा पोट महत्त्वाचं.

चौथं, माती कसली. जावळी, पाटण, महाबळेश्वरच्या बाजूला जांभा दगड, त्याच्यावर पावसाळ्यात शेवाळ, चाक घसरतं पण खाली टणक असतं. खाली कोरेगाव-कराडकडं काळी माती, ती चाकाच्या खोबणीत भरते आणि चाकाचा नुसता लाडू होतो, टायर कितीही महागाचा असूद्या. माण-खटावला बराचसा मुरूम आणि कोरडा खडक, तिथं रुतण्यापेक्षा टायर कापायची भीती. काळ्या मातीत जड गाडी जास्त रुतते, म्हणून तिथं साधारण १२०० किलोची जिम्नी पावणेदोन टनाच्या थारला लाजवते. जिम्नीचे टायर १९५ चे, बारीक, लोकं हसतात, पण पातळ चिखलात बारीक टायर वरचा गाळ कापून खालच्या टणक जमिनीला टेकतो. रेतीत मात्र रुंद टायर बरा.

पाचवं, पाणी. ओढा किंवा फरशी पूल असेल तर काठी घालून खोली मोजा. थार आणि रॉक्सला कंपनी ६५० मिलिमीटर पाण्यातनं जाऊ शकते म्हणून सांगते, गुरखाला ७०० आणि स्नॉर्केल (इंजिनाला वरनं हवा देणारा पाइप) कंपनीतनंच लावून येतो. पण हा आकडा थांबलेल्या पाण्याचा धरा. फरशी पुलावरनं पाणी वाहत असेल तर गुडघाभर पाण्यात पण गाडी बाजूला सरकते, तिथं कुठलंच फोर बाय फोर कामाचं नाय. थांबायचं.

चौथी पायरी: गाडीच्या खाली काय आहे ते समजून घ्या

हा भाग जरा सावकाश वाचा, सेल्समनला पण बऱ्याचदा नीट माहीत नसतो.

या चारही गाड्यांची फोर बाय फोर ही पार्ट-टाइम आहे. म्हणजे रोज टू-हाय, मागची दोन चाकं. सैल रस्ता आला की फोर-हाय, चारी चाकं. आणि लय अवघड चढ-उतार, रुतलेली गाडी, टोचन ओढायचं असेल तर फोर-लो, ज्यात गाडी कमी वेगात जास्त जोर लावते. कोरड्या डांबरीवर फोर-हाय लावून फिरू नका, कारण वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि मधी तो फरक सोसणारं डिफरन्शियल नसल्यामुळं सगळा ताण गिअरमधी पिळला जातो, स्टिअरिंग जड होतं, आणि पुढं मोठा खर्च निघतो. यवतेश्वर घाटात पाऊस पडतोय म्हणून फोर-हाय लावलेले महाभाग मी बघितलेत.

आता खरी गोम. फोर बाय फोर असूनसुद्धा गाडी अडकते. का? एका ॲक्सलवरची दोन चाकं डिफरन्शियलनं जोडलेली असतात आणि साधं डिफरन्शियल दोन्ही बाजूला सारखाच जोर देतं. एक चाक हवेत गेलं नाहीतर शेवाळावर आलं की त्या चाकाला फिरायला काहीच जोर लागत नाय, मग दुसऱ्याला पण तेवढाच कमी जोर मिळतो, म्हणजे एक चाक भिरभिरतंय आणि दुसरं ढिम्म. तिरकं पुढचं एक, तिरकं मागचं एक अशी दोन चाकं हवेत गेली की चार चाकांची गाडी गप उभी. याच्यावर उपाय म्हणजे लॉक.

गुरखाला पुढं पण आणि मागं पण डिफरन्शियल लॉक मिळतो, लीव्हर ओढून लावायचा. एवढं कंपनीतनं देणारी या यादीत दुसरी कुणी नाय. रॉक्स फोर बाय फोरला मागं इलेक्ट्रॉनिक लॉक, बटण दाबून. तीन दाराच्या थारला मागं आपोआप लागणारा मेकॅनिकल लॉक येतो पण सगळ्या व्हेरियंटला नाय, म्हणून बुकिंगच्या कागदावर लिहून घ्या. जिम्नीला लॉक नाय, ती फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून जोर दुसऱ्या चाकाकडं ढकलते. चालतं का? चालतं, बऱ्यापैकी चालतं, पण त्याला ॲक्सिलरेटर धरून ठेवायला लागतो, नवीन माणूस चाक फिरलं की पाय काढतो आणि मग म्हणतो गाडीत दम नाय. उलट जिम्नीला पुढं-मागं सरळ ॲक्सल असल्यामुळं खड्ड्यात चाक जास्त खाली लोंबतं, जमिनीला टेकून राहतं, म्हणजे लॉकची गरज जरा उशिरा पडते. थार, रॉक्स, गुरखाला पुढं स्वतंत्र सस्पेन्शन आहे, हायवेला बरं, आडरानात जरा कमी.

इंजिनाचं थोडक्यात. जिम्नी फक्त पेट्रोल, दीड लिटर, १०५ पीएस, १३४ न्यूटन मीटर. खंबाटकीच्या चढाला समोर ट्रक असला की गिअर पाडून इंजिन ओरडवायला लागतं, तिची ऑटोमॅटिक तर चारच गिअरची. गुरखा फक्त डिझेल, फक्त मॅन्युअल, २०२४ पासनं १४० पीएस आणि ३२० न्यूटन मीटर. थारमधी पेट्रोल १५० पीएस, मोठं डिझेल १३० पीएस. रॉक्समधी पेट्रोल पण येतं पण लक्षात ठेवा, रॉक्सची फोर बाय फोर फक्त डिझेलमधी. दीड लिटर डिझेलची थार सुद्धा रिअर-व्हीलच. बाहेरनं दोन्ही सारख्याच दिसतात, मागच्या फोर बाय फोरच्या अक्षरांकडं बघितल्याशिवाय कळत नाय, आणि सेकंडहँड बाजारात तर ती अक्षरं चिकटवून पण मिळतात.

डिझेल घेणार असाल तर अजून एक. बीएस-६ डिझेलला सायलेन्सरमधी काजळी धरणारी जाळी असते, डीपीएफ म्हणतात. रोज फक्त राजवाडा ते पोवई नाका अशी दोन-दोन किलोमीटरची फिरती असेल तर ती जाळी भरत जाते, तिला गरम होऊन जळायला मोकळा रस्ता लागतो. आठवड्यातनं एकदा हायवेला अर्धा तास गाडी पळत असेल तर काळजी नाय.

पाचवी पायरी: ट्रायल, पण आपल्या पद्धतीनं

शोरूमवाले तुम्हाला सर्व्हिस रोडनं एक चक्कर मारून आणतात आणि एसी किती गार आहे ते दाखवतात. त्यानं काय कळत नाय. मी दाजींना म्हणलं, दोन दिवस भाड्यानं घेऊ. सेल्फ-ड्राईव्हवाल्यांकडं थार-रॉक्स सहज मिळतात, भाडं जाईल पण वीस लाखाच्या गाडीपुढं ते काय. सगळी माणसं घेऊन सकाळी निघायचं.

आधी हायवे, ८० ते १०० च्या स्पीडला, मागं बसणाऱ्याला विचारा पोटात ढवळतंय का. मग यवतेश्वर घाट चढून कासच्या बाजूला, वळणावर गाडी किती झुकते, समोर एसटी आली की रिव्हर्स घ्यायला जमतं का, मागचं दिसतं का, कारण या गाड्यांची स्टेपनी मागच्या दाराला लटकलेली असते, त्यानं काच झाकते. मग ठोसेघर-चाळकेवाडीकडं पवनचक्क्यांच्या कच्च्या रस्त्यावर, धुकं असेल तर उत्तम, फॉगलाइट आणि वायपरची पण परीक्षा होते. उतारावर फोर-लो लावून पहिल्या गिअरमधी ब्रेकवरनं पाय काढून बघा, गाडी स्वतःच्या इंजिनानं किती सावकाश उतरते. नवीन माणसाला सगळ्यात जास्त धीर याच्यानंच येतो. शेवटी आपली पाणंद, पण भाड्याच्या गाडीचे नियम बघून, बऱ्याच जणांच्या करारात कच्च्या रस्त्याला बंदी असते.

हितंच एक सांगून टाकतो. कासच्या सड्यावर गाडी घालायची नाय. ते पठार २०१२ पासनं पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आहे, आणि वारसा नसता तरी त्या पातळ मातीच्या थरावरनं एकदा चाक गेलं की तिथली फुलं येत नायत. कोयनेच्या अभयारण्यात पण तेच, ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतं. ऑफरोडिंगची हौस असेल तर स्वतःचं रान, नाहीतर मालकाला विचारून पड जमीन.

ताईनं पण गाडी चालवून बघितली, आणि गुरखा हितं गळाली. मी गुरखाचा चाहता आहे, खरोखर आडरानात या चौघांत मी तिलाच हात लावीन, पण गिअरचा दांडा लांब, क्लच दणकट, ऑटोमॅटिक नाय, आणि रोज शाळेला सोडायला जाणार ताई. "तुमची हौस, माझा पाय," एवढंच बोलली.

सहावी पायरी: ऑन-रोडचं गणित

जाहिरातीतला आकडा विसरा. रॉक्स ऑगस्ट २०२४ ला आली तेव्हा १२.९९ लाखांची हवा झाली, ती पेट्रोल रिअर-व्हीलची किंमत होती. फोर बाय फोर त्याच वर्षी १८.७९ लाखांपासनं सुरू झाली. म्हणजे ज्या कारणासाठी गाडी घेताय त्याचीच किंमत जाहिरातीत नसते.

आता टॅक्स. २२ सप्टेंबर २०२५ पासनं चार मीटरच्या आतली आणि पेट्रोल १२०० सीसी किंवा डिझेल १५०० सीसीपर्यंतची गाडी असेल तर जीएसटी १८ टक्के, त्याच्या वर ४० टक्के. गंमत बघा, जिम्नी चार मीटरच्या आत आहे पण इंजिन १४६२ सीसी पेट्रोल, म्हणून ४० टक्क्यात. आणि दीड लिटर डिझेलची रिअर-व्हील थार १८ टक्क्यात. हा जीएसटी एक्स-शोरूम किमतीतच असतो, त्याच्यावर आपल्या आरटीओचा टॅक्स. महाराष्ट्रात स्वतःच्या नावावरच्या गाडीला १० ते २० लाखांच्या मधी पेट्रोलला १२ टक्के, डिझेलला १४ टक्के, २० लाखांच्या वर १३ आणि १५. म्हणजे १८ लाखांच्या डिझेलला २ लाख ५२ हजार नुसता रोड टॅक्स. कंपनीच्या नावावर घेतली तर २० टक्के, म्हणून "फर्मच्या नावावर टाकू" म्हणणाऱ्यानं आधी सीएला विचारावं.

इन्शुरन्समधी इंजिन प्रोटेक्शनचं ॲड-ऑन घ्याच. पाणी इंजिनात जाऊन कनेक्टिंग रॉड वाकला तर साध्या पॉलिसीत तो खर्च सहसा बसत नाय, आणि आपण तर गाडी पाण्यात घालायलाच घेतोय.

सातवी पायरी: सर्व्हिस आणि टायर, बाकी नटवणं नंतर

सर्व्हिस सेंटर घरापासनं किती लांब ते बघाच, पण त्याहून महत्त्वाचं, तिथं फोर बाय फोरचं काम करणारा मिस्त्री आहे का ते आत जाऊन विचारा. माझ्या एका जुन्या गाडीचं ट्रान्सफर केसचं (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या पेटीचं) ऑइल तीन सर्व्हिसिंग झाल्या तरी कुणी बदललंच नव्हतं, बिलात मात्र होतं. तेव्हापासनं मी ऑइल काढताना शेजारी उभा राहतो.

टायर लगेच बदलू नका. कंपनीचे टायर आपल्या सव्वीस दिवसांना पुरतात. मड टायर लावले की हायवेला घोंघावतात, ओल्या डांबरीवर ब्रेक लांब लागतो आणि ॲव्हरेज पडतं. मोठे टायर लावले तर वॉरंटीचा पण वांधा. त्यापेक्षा हवा भरायचा चांगला कॉम्प्रेसर आणि प्रेशर गेज घ्या. चिखलात, रेतीत जायच्या आधी हवा १८-२० पीएसआयवर आणा, टायर पसरतो, पकड वाढते, आणि डांबरी लागली की परत भरा, कमी हवेवर पळवायची नाय. बाकी एक टोचनचा मजबूत पट्टा, दोन शॅकल (पट्टा अडकवायच्या लोखंडी कड्या), एक खोरं. पट्टा कंपनीनं दिलेल्या हुकलाच लावायचा, ॲक्सलला नाय आणि ट्रॉली जोडायच्या मागच्या बॉलला तर अजिबात नाय, तो तुटून काचेतनं आत येतो.

पुढं लोखंडी गार्ड बसवू नका. डिसेंबर २०१७ मधी केंद्रानं त्याच्यावर बंदी घातलीय, आणि धडक बसली की तो जोर सरळ चॅसीला देतो, एअरबॅगची वेळ पण चुकू शकते.

जुनी घेणार असाल तर

थार, जिम्नी सेकंडहँड भरपूर निघतात, हौस फिटली की विकतात. एमएच-११ आणि एमएच-५० पासिंगच्या गाड्या बघताना आतलं बघू नका, खाली झोपा. चॅसीच्या आतल्या कोपऱ्यात सुकलेला चिखल, डिफरन्शियलच्या गोळ्याला खोल ओरखडे, चेंबर ठोकून सरळ केलेलं, हे सगळं बोलतं. डिफरन्शियलचा बोल्ट उघडून ऑइल बघा, दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. मग मातीच्या जागेवर फोर-हाय, फोर-लो लावून दहा-दहा मीटर पुढं-मागं करा, कटकट आवाज आला नाहीतर गिअर लागायला तयार नसला तर किंमत पाडायची नाय, सोडून यायचं. मालकाला विचारा फोर-लो शेवटचा कधी लावला. "कधीच नाय" हे उत्तर पण काय फार चांगलं नाय, वर्षानुवर्षं न लावलेला फोर बाय फोर ऐन वेळेला अडतो. म्हणून स्वतःची झाली की महिन्यातनं एकदा मातीवर पाच-दहा मिनिटं लावायचा.

दाजींनी शेवटी रॉक्स डिझेल फोर बाय फोर ऑटोमॅटिक बुक केली, आत तपकिरी सीटची, कारण पांढऱ्या सीटवर जावळीची लाल माती आणि दोन पोरं म्हणजे पंधरा दिवसांत नकाशा. मला विचाराल तर मी जिम्नी मॅन्युअल घेईन, घरात आम्ही दोघंच आणि माझी पाणंद दाजींच्यापेक्षा अरुंद. स्कॉर्पिओ-एन फोर बाय फोरबद्दल मी हितं बोललोच नाय, सात माणसं आणि हायवे जास्त असेल तर ती बघायला पायजे, तिची पण सुतळी लावून बघा.

डिलिव्हरीच्या दिवशी पेढे, हार, फोटो याच्या आधी तीन गोष्टी करा: फोर-लो लावून चार फूट पुढं घ्या आणि दिवा लागतो का बघा, स्टेपनी बाकीच्या चार टायरांच्या मापाची आहे का बघा, आणि टोइंगचा हुक नेमका कुठं ठेवलाय ते विचारून घ्या. आमच्या डिलिव्हरी देणाऱ्या पोराला पण तो सापडायला वीस मिनिटं लागली, स्टेपनी बदलायच्या सामानाच्या खाली होता.